न संपणारा डबा की न नासणारं फडताळ?

प्रश्न असा आला: "काकू, लग्नाला वर्ष झालं. नवरा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला असतो, मी शाळेत शिकवते. परवा जेवताना आमचा एक खेळ सुरू झाला. चार जादूच्या वस्तू, त्यातली एकच घ्यायची. पहिली, न संपणारा डबा: एकदा जो जिन्नस भरू तो कधीच संपणार नाही. दुसरी, न नासणारं फडताळ: आत ठेवलेलं जसंच्या तसं राहणार, गरम ते गरम, ताजं ते ताजं. तिसरी, सांगू ते शिजवून देणारं पातेलं. चौथी, बाजाराची पिशवी: घरबसल्या हात घातला की हवी ती भाजी, फळ, मासळी बाहेर, पैसे मात्र बाजारभावानं जाणार. तो डब्यावर अडलाय, मी पातेल्यावर. दोन दिवस झाले, खेळ संपेना. तुम्ही एवढी वर्षं खानावळ चालवली, तुम्ही काय घ्याल?"

पोरी, मी फडताळ घेईन. पण एवढंच सांगून थांबले तर तुमचं भांडण मिटायचं नाही, उलट दोघांच्या जागी तिघांचं होईल. शिवाय डबा आणि पातेलं या दोन्ही वस्तू चुकीच्या नाहीत. त्या कुणी घ्याव्यात हेही मला सांगायचं आहे.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी 31 वर्षं खानावळ चालवली. सुरुवातीला कॉलेजची दहा-बारा पोरं जेवायला यायची, पुढे दोन्ही वेळचे मिळून सव्वाशे डबे जायला लागले. आता सगळं सून बघते, मी पहाटेच्या फोडणीपुरती आणि उन्हाळ्यात चटणीच्या दिवसांत असते. जेवणात पैसा कुठं जातो, वेळ कुठं जातो आणि जीव कुठं जातो हे या वर्षांत मला पाठ झालं. तुमच्या वस्तू जादूच्या असल्या तरी त्यांनी उचलायचं ओझं खरं आहे, म्हणून आधी ओझ्याचं बघू.

लोकांना वाटतं स्वयंपाक म्हणजे शिजवणं. साठ माणसांची आमटी चुलीवर पाऊण तासात होते, आणि त्यातला बराच वेळ ती आपली आपण शिजत असते. त्याच्या आधी काय करायचं ते ठरवणं, आणणं, निवडणं, सोलणं, चिरणं, वाटणं. नंतर वाढणं आणि भांडी. आणि या सगळ्याच्या मधे एक काम असतं जे कुणी मोजतच नाही, ते म्हणजे राखणं. कोथिंबीर उद्यापर्यंत टिकेल का, दूध तापवलं का, भिजवलेल्या मटकीला वास तर येत नाही ना, उरलेला भात कुठं ठेवला, नारळ फोडलाय तो आज संपला पाहिजे. बाई झोपली तरी तिच्या डोक्यात हे घड्याळ चालू असतं. आणि बाकीची कामं कधी करायची हे हेच घड्याळ ठरवतं. सकाळी वेळ असतो म्हणून आपण सकाळी रांधत नाही. जेवायच्या वेळेला ते ताजं असायला हवं म्हणून जेवणाच्या तोंडावर धावपळ करतो. वेळ असतो तेव्हा करता येत नाही, आणि करायचं असतं तेव्हा वेळ नसतो.

आता जादूचं. जादूची वस्तू घेताना पहिल्यांदा तिची अट विचारावी. आपल्याकडं सगळ्यांना माहीत असलेली अशी वस्तू म्हणजे द्रौपदीची थाळी. पांडव वनवासात असताना सूर्यानं दिलेली. कितीही माणसं दारात येऊ देत, अन्न पुरायचं. पण कधीपर्यंत? द्रौपदी जेवेपर्यंत. ती जेवली की त्या दिवसापुरती जादू संपली. म्हणून दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन नेमके ती जेवल्यावर आले, तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळलं. मग कृष्णानं थाळीला चिकटलेलं भाजीचं पान तोंडात टाकलं आणि तिकडं नदीवर सगळ्यांना तृप्तीची ढेकर आली. लहानपणी मला त्या पानाचं नवल वाटायचं. खानावळ सुरू केल्यावर लक्ष अटीकडं गेलं. ती थाळी चालायची ती घरची बाई सगळ्यात शेवटी जेवायची म्हणून. हे डोक्यात ठेव, पुढं लागणार आहे.

तुझ्या नवऱ्याचा डबा आधी घेते. हातावर पोट असलेल्या घरानं बाकीच्या तिन्ही वस्तूंकडं बघूसुद्धा नये, डबाच घ्यावा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य यादीतल्या घराला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. खानावळीत मी एका जेवणाला भातासाठी 75 ग्रॅम तांदूळ आणि दोन भाकऱ्यांना 150 ग्रॅम पीठ धरते. दोन वेळचे झाले साडेचारशे ग्रॅम. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला त्या हिशेबानं 5 किलो धान्य महिन्यातले अकरा दिवस पुरतं. राहिलेले एकोणीस दिवस हा डबा भरून काढणार असेल, तर त्याहून मोठी जादू जगात नाही, आणि अशा घराला कुणी 'फडताळ घ्या' म्हणून सांगू नये.

पण तुमच्याकडं दोन पगार येतात. तुमच्या घरात धान्य संपत नसणार, धान्याला पोरकिडे लागत असणार. तांदूळ नव्हता म्हणून उपाशी झोपलात असं वर्षभरात झालं का? आणि आणलेली मेथी पिशवीतच काळी पडली म्हणून रात्री बाहेरून मागवलं, असं किती वेळा झालं? दोन्ही मोज. कुठली वस्तू घ्यायची ते त्या मोजणीतच आहे.

शिवाय डब्यात पहिल्यांदा जे भराल त्यावर जन्म काढावा लागेल. नवा तांदूळ भरलात तर आयुष्यभर नवाच. नवा तांदूळ चिकट होतो आणि त्याला पाणी कमी लागतं, तर वर्ष काढलेला तांदूळ फुगतो आणि मोकळा होतो. आजऱ्याचा घनसाळ भरलात तर पहिला महिनाभर वासानंच पोट भरेल, पण रोज आमटीबरोबर कालवायला सुगंधी तांदूळ पुढं नकोसा होतो. मला कुणी हा डबा फुकट दिला असता तर मी त्यात धान्य घातलंच नसतं. शेंगतेल ओतलं असतं. खानावळीच्या वहीत मला रडवलं ते तेलाच्या पानानं. तुझ्या नवऱ्याला हे सांग, त्याचा डबा त्याला आणखी आवडेल.

पिशवीवर फार लिहीत नाही. जो घराबाहेर पडू शकत नाही त्याला ती वरदान आहे. तुम्हाला दोघांना पाय आहेत आणि गावात लक्ष्मीपुरीचा बाजार आहे, कपिलतीर्थाचा आहे. वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे, देठ हिरवा आणि काटे टोचणारे पाहिजेत. भेंडीचं टोक कट्कन मोडलं पाहिजे. पोकळा, चाकवत, तांदळी यातलं आज काय कोवळं आलंय ते जुडी हातात घेऊन कळतं, आणि ती विकणारी मावशी रोजच्या गिऱ्हाईकाला 'आज शेपू नको नेऊ' म्हणून सांगते. पिशवीत हात घालून 'वांगी' म्हटलं तर वांगी येतील, पण ही शिकवण येणार नाही. पहिल्या वर्षातल्या संसाराला ही शिकवण वांग्यांपेक्षा जास्त लागते.

आता तुझं पातेलं. तू पातेलं का मागतेस ते मला कळतं. शाळेतून दमून येतेस आणि गॅससमोर उभं राहवत नाही. पण पातेल्याला सांगावं लागणार, आणि सांगायचं म्हणजे आधी स्वतःला नीट माहीत पाहिजे. 'तांबडा रस्सा कर' म्हणालीस तर कुणाचा करेल? इथं दर घराचा रस्सा वेगळा. आपल्याकडं नुसतं 'चटणी' म्हटलं की ती वर्षाची कांदा-लसूण चटणी. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटपणाला संकेश्वरी, कुणी निम्मी-निम्मी घेतं, कुणी ब्याडगी दुप्पट. खोबरं किती भाजलं, तीळ किती, कांदा उन्हात वाळवून तळला की ओलाच परतला, डंकावर कुटली की गिरणीत दळली, एवढ्यावर रश्श्याचा कट बदलतो. पांढऱ्याचंही तसंच. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण. दूध घातल्यावर खळाखळा उकळू दिलं की फाटलंच. हे सगळं पातेल्याला शब्दांत सांगता येणारी बाई ते स्वतः करूही शकते. जिला सांगता येत नाही तिला पातेलं कुठला तरी सरासरी रस्सा देईल, आणि चार महिन्यांनी तुमच्या घराची म्हणून जी चव तयार व्हायची ती झालेलीच नसेल.

आणि 'आज काय करू?' हा प्रश्न पातेलं घेतलं तरी तुझ्याच डोक्यावर राहतो. माझ्या मते सगळ्यात जड काम तेच आहे. हात दुखले तर रात्री तेल लावता येतं. ठरवून ठरवून आलेल्या शिणाला औषध नाही.

तरी पातेलं मी एका माणसाला डोळे झाकून दिलं असतं. आमच्याकडं एका निवृत्त मास्तरांचा डबा जायचा. बायको गेलेली, हाताला कंप. डबा पोहोचवणारा पोरगा सुट्टीवर असला की मी स्वतः जायचे. गरम आमटी वाटीत ओतताना त्यांचा हात हलायचा, म्हणून ते सगळं ताटातच कालवून ठेवायचे. त्यांना काय खावंसं वाटतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लहानपणी आईच्या हातची खाल्लेली हुलग्याची माडगी कशी दाट असायची ते त्यांनी मला तीनदा समजावलं, तेव्हा कुठं मला जमली. ज्याच्याजवळ चव आहे पण हात साथ देत नाहीत, त्यानं पातेलं घ्यावं. तुझे हात धड आहेत आणि चव अजून बसायची आहे. तू नको घेऊ.

मग राहिलं फडताळ. त्याची किंमत मला कशी कळली ते सांगते. खानावळीचं सहावं वर्ष, मे महिना. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस ताटांची ऑर्डर होती आणि सकाळी मला एका लग्नाला जायचं होतं. म्हणून रात्रीच पांढरा रस्सा करून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला. फ्रीजमध्ये मावेना, म्हटलं गार होऊ दे, पहाटे उकळी देऊ. पहाटे झाकण काढलं तर वर फेस, आणि आंबूस वास. चाळीस ताटांचा रस्सा मोरीत गेला आणि मी लग्नाला गेले नाही. चूक माझीच होती. भरलेलं मोठं पातेलं बाहेरून हाताला गार लागलं तरी पोटात तासन्‌तास कोमट राहतं. साधारण 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू वाढतात, आणि त्यातही कोमटात त्यांना पोसवलं तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चार हजारांवर. नारळाचं दूध तर त्यांना मेजवानीच. तेव्हापासून रस्सा उरला की मी तो पसरट परातींत वाटून, परात गार पाण्यात ठेवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकते. भाताला तर मी जास्त भिते. भातातल्या एका जंतूचं बी शिजवूनही मरत नाही, भात कोमट पडून राहिला की ते उगवतं, आणि त्यानं सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

तू म्हणशील, मग चांगला फ्रीज आहेच की. फ्रीज काळ थांबवत नाही, नुसता हळू करतो. कोथिंबिरीला दोनाचे आठ दिवस देतो. फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांला जंतू वाढायचे थांबतात, पण आतल्या पाण्याचा बर्फ होताना पानाच्या पेशी फुटतात, म्हणून बाहेर काढलेली कोथिंबीर चिंधीसारखी लोळते. बटाटा फ्रीजमध्ये गोडसर होतो. आणि वीज गेली की सगळंच संपलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला आणि गाव कित्येक दिवस तुटलं. गावातल्या कित्येक भागांत वीज नाही, नळाला पाणी नाही, बाजारात भाजी नाही. आमच्या घरात पूरग्रस्त नातेवाईक धरून सतरा माणसं होती. पहिल्या दोन दिवसांत फ्रीजमधलं सगळं एकतर खाल्लं नाहीतर टाकलं. त्यानंतर आम्हाला जगवलं ते वर्षाच्या चटणीनं, शेंगदाण्याच्या कुटानं, सांडग्यांनी, बटाट्या-कांद्यानं आणि पिठानं. म्हणून तुमच्या फडताळाची पहिली अट मी ही विचारेन: ते विजेवर चालतं का? चालत असेल तर घेऊ नका. या गावात नदी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आकडे पावसाळ्यात लहान पोराला पण पाठ असतात. ज्या दिवसांत वीज जाते त्याच दिवसांत फडताळ लागणार.

दुसरी गोष्ट खरेदी करायच्या आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर महिन्याभरात तुम्ही फडताळाला नावं ठेवाल. आत काळ थांबला म्हणजे नासणं थांबलं, पण मुरणंही थांबलं. ही दोन्ही कामं काळच करतो. दुधाला विरजण लावून आत ठेवलंस तर सकाळी दूधच मिळेल. इडलीचं पीठ फुगणार नाही, आंबील आंबणार नाही. अढीतला आंबा आहे तसा हिरवा राहील. लोणच्याला खार सुटणार नाही. हळद-मीठ-आलं-लसूण लावलेलं मटण तासानंही आत्ताच लावल्यासारखं, मसाला वरवर. नव्या चटणीचा कच्चा झणका महिनाभर बरणीत बसून शांत व्हावा लागतो, तो होणार नाही. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त लागतो हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, पण फडताळातला रस्सा कायम पहिल्या दिवसाचाच.

म्हणून मी नियम असा केला असता: मुरायचं ते बाहेर मुरवायचं, आणि जमलं त्या घडीला आत ठेवायचं. हे कसब हाताचं आहे, फडताळाचं नाही. दही घट्ट लागलं पण आंबट झालं नाही ती वेळ. हापूस हाताला मऊ लागला आणि देठाशी वास आला ती वेळ. मटकीला मोड दाण्याएवढा झाला आणि कडवट व्हायचा आहे ती वेळ. एरवी ही घडी येते आणि आपण शाळेत नाहीतर कामावर असतो. फडताळ असलं की ती धरून ठेवता येते. मला विचारशील तर या वस्तूतली खरी श्रीमंती ती हीच.

तिसरी गोष्ट, साठवणीची हाव. जे कधीच नासत नाही ते कधीच टाकलंही जात नाही. अर्धी वाटी आमटी, दोन कापा, चमचाभर कोशिंबीर, असं करत फडताळ भरेल आणि तुम्हाला हवं ते ठेवायला जागा उरणार नाही. नासण्यामुळं घर साफ राहतं, हे खानावळीत फार कळतं. आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी नवीन काही करायचं नाही, फडताळात आहे ते संपवायचं. आमच्याकडं बुधवार असता, कारण रविवारचं मटण तोवर खायची इच्छा परत आलेली असते.

आता द्रौपदीच्या अटीकडं येते, आणि भाकरीकडं.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आधण घालून मळावं लागतं आणि थापावं लागतं. तव्यावरून उतरून निखाऱ्यावर फुगलेली भाकरी पाच मिनिटं स्वर्ग असते. गार होईल तसा पिठातला स्टार्च घट्ट होतो आणि भाकरी कडक होते. फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी लवकर. परत तापवली तर मऊ होते, पण ती मघाची भाकरी नसते. याचा अर्थ असा की भाकरी गरम खायची असेल तर कुणीतरी चुलीपाशी बसून थापत राहायचं आणि बाकीच्यांनी खायचं. जो थापतो तो त्यांच्याबरोबर बसू शकत नाही. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही, भाकरीनंच ठरवलेलं आहे. पण बसलेलं कोण आणि थापणारं कोण, हे मात्र भाकरीनं ठरवलेलं नाही.

माझ्या सासूबाई आयुष्यभर म्हणायच्या, "तुम्ही बसा, मी बसतो मागनं." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'बसतो', 'जेवतो'. मागनं म्हणजे सगळ्यांची पानं उठल्यावर, चुलीपाशी, गार झालेल्या शेवटच्या भाकरीबरोबर. ती शेवटची भाकरी उरलेल्या पिठाची, म्हणून लहान. कधी कधी ती पण नसायची, कारण आयत्या वेळी कुणीतरी आलेलं असायचं. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना एकदा ओढून पंगतीत बसवलं आणि मी थापायला बसले. गरम भाकरी ताटात पडल्यावर त्या तिच्याकडं बघतच बसल्या. म्हणाल्या, "अशी लागती व्हय ही?" साठ वर्षं भाकरी थापलेली बाई. रोज सगळ्यांना गरम वाढणाऱ्या बाईला ती गरम कशी लागते ते माहीत नव्हतं.

म्हणून न संपणारा डबा, सांगेल ते शिजवणारं पातेलं, या वस्तूंनी पोट भरेल, नाही असं नाही. पण पानावर बसायची वेळ त्यांनी बदलत नाही. डबा असला तरी धान्य कुणीतरी शिजवणार आणि मागनं जेवणार. पातेलं रस्सा देईल, पण भाकरी तव्यावरचं काम आहे, पातेल्यातलं नाही. या चार वस्तूंत एकट्या फडताळानं एवढं जमतं, की सगळ्या भाकऱ्या आधी करून ठेवायच्या, गॅस बंद करायचा, पदराला हात पुसायचे आणि सगळ्यांबरोबर बसायचं. दहावी भाकरी पहिलीइतकीच गरम. जिनं केली तिच्या ताटातही गरम. द्रौपदीच्या थाळीत नेमकं हेच नव्हतं.

आता फडताळ केवढं हा प्रश्न राहतो, तुम्ही ते लिहिलेलं नाही. भिंतीएवढं असेल तर उत्तमच. पण जादू छोटी मिळाली, समजा भाकरीच्या दुरडीएवढीच, तरी मी तेच घेईन, आणि त्यात दुसरं काही न घालता भाकऱ्याच ठेवीन. त्याहून थोडं मोठं असेल तर दुसऱ्या नंबरावर नारळाचं दूध आणि ओलं खोबरं, कारण वाटण्याचा वेळ त्यात वाचतो आणि नासायला ते सगळ्यात पुढं. तिसरी कोथिंबीर. मग निवडून धुतलेली पालेभाजी, म्हणजे रविवारी बसून आठवड्याची मेथी-शेपू एकदाच निवडता येईल. गूळ, चटणी, डाळी यांना आत जागा देऊ नकोस. त्या जन्मतःच टिकाऊ आहेत. गुळाला पावसाळ्यात पाझर फुटतो तेवढा हवाबंद डबा बघ आणि डाळीला एरंडेलाचा हात लाव, पुरे.

नवरा दुसऱ्या पाळीला असला की रात्री बाराच्या पुढंच येत असणार. तोवर तू एकतर उपाशी थांबतेस नाहीतर त्याला गार वाढतेस. फडताळ आलं की साडेआठला भाकऱ्या कर, शेवटची उतरली की दोन ताटं वाढ. एक त्याचं, आमटीची वाफ निघतेय तोवर आत ठेवून दार लाव. दुसरं घेऊन तू तिथंच बस आणि जेव. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो दुपारीच घरी येतो, तू संध्याकाळी. त्या आठवड्यात भाकरी थापायला त्याला बसव. पहिल्या दोन-चार फाटतील, पिठात आधण जास्त झालं की तसं होतं. त्या फाटक्या फडताळात ठेवू नका, गरम असतानाच दोघं मिळून तूप-चटणीबरोबर खा.